झाकलेले ताट

दिवाळी जवळ आली की आमच्या मुखेडसारख्या तालुक्याच्या गावातही दोन गोष्टींची ये-जा सुरू होते. एक फराळाच्या ताटांची आणि दुसरी दिवाळी अंकांची. ताटावर विणलेला रुमाल असतो, अंकावर गुळगुळीत मुखपृष्ठ असते आणि आत काय निघणार याचा अंदाज अनुभवी माणसाला दोन्ही न उघडताच येतो. ताटात चकली, करंजी, शंकरपाळे आणि कडेला चिवडा. अंकात चार-सहा कथा, पुष्कळशा कविता, वर्षाचे राशिभविष्य आणि एक परदेशचा प्रवास. हा प्रवास पूर्वी बोटीने होत असे आणि वर्ष-सहा महिने चाले. आता तो विमानाने होतो आणि चार-पाच दिवसांत आटोपतो. शुक्रवारी निघालेला मनुष्य बुधवारी कचेरीत हजर असतो आणि त्याच्या पिशवीत एका परक्या शहराचे वर्णन तयार असते.

चार दिवसांत शहर कळत नाही, असे म्हणून या लेखनाला नाक मुरडण्याची आपल्या टीकाकारांत पद्धत आहे. मला ते पटत नाही. लग्नाला म्हणून आलेला पाहुणा दोन दिवसांत आपल्या घराचे असे काही पाहून जातो की, ते घरच्यांना वीस वर्षांत दिसलेले नसते. दोष दिवसांच्या संख्येत नाही. तो कोठे आहे हे यंदा मला एका बाडाने दाखविले. त्या बाडाची ही समीक्षा आहे, आणि पुढे वाचकांना दिसेल त्याप्रमाणे ती थोडीशी माझीही आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला एका कंपनीत नोकरी करतो. मराठी चांगले लिहीत असे. वर्गात त्याचे निबंध मी मोठ्याने वाचून दाखवीत असे. तो भाद्रपदात गावी आला तेव्हा त्याने वीस-बावीस पाने माझ्यापुढे ठेवली. चीनमधील शीआन या शहराची पाच दिवसांची सहल, असा विषय होता. “गुरुजी, दिवाळी अंकाला पाठवायचंय. एकदा नजर घाला,” तो म्हणाला. शाळामास्तराला याहून मोठा मान कोणता? मी लाल शाईचे पेन काढले.

शीआन म्हणजे पूर्वीचे चांगआन. चीनच्या अनेक राजघराण्यांची ही राजधानी. पश्चिमेकडून रेशमी मार्गाने येणारे तांडे येथे येऊन विसावत. माझ्या विद्यार्थ्याने ही माहिती नीट दिली होती. मिंग काळातला शहराचा कोट अजून उभा आहे. त्याचा घेर सुमारे 14 किलोमीटर आहे आणि माथा इतका रुंद की त्यावरून सायकली चालतात. यानेही चालविली. ते पान सुरेख उतरले आहे. आतल्या बाजूला जुनी कौले, बाहेर काचेच्या इमारती आणि मधून हा मुखेडचा मुलगा पायडल मारीत चालला आहे. येथे मी समासात “छान” असे लिहिले.

त्यानंतर मातीच्या सैन्याचे प्रकरण येते. चिन शी ह्वांग या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले हे शिपाई. त्यांची संख्या सुमारे 8,000 असावी असा अंदाज आहे. प्रत्येकाचा चेहरा निराळा. हे सर्व त्याने लिहिले आहे, आणि मध्येच एक वाक्य येते: “1974 साली काही शेतकऱ्यांना हे पुतळे सापडले.” बस्स. वाक्य संपले, पुढचे सुरू झाले. मी पेन खाली ठेवले. अरे, ते शेतकरी तेथे काय करीत होते? ते पाण्यासाठी विहीर खणीत होते! मराठवाड्यातल्या मुलाने या ठिकाणी थांबायला नको का? 1972 चा दुष्काळ तुझ्या आजोबांनी खडी फोडून काढला. तुझ्या शिवारात पन्नास-साठ फूट खणून कोरडा खडक लागलेल्या विहिरी आजही आ वासून पडल्या आहेत. तिकडे दोनच वर्षांनी कोणी तसाच खणीत होता, आणि पाण्याऐवजी त्याच्या कुदळीला मातीचा माणूस लागला. त्या शेतकऱ्याला प्रथम आनंद झाला असेल की विहीर फुकट गेली म्हणून वाईट वाटले असेल, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लेखकाला सुचणार नाही. तुला सुचायला हवा होता.

तिसरे स्थळ मोठ्या हंसाचा पॅगोडा. “सात मजली, उंची 64 मीटर, बांधकाम सन 652.” समोर एका भिक्षूचा पुतळा आहे, तेथे सर्वांनी फोटो काढले. हा भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, हे त्याला ठाऊक होते आणि तसे त्याने लिहिलेही आहे. परंतु हाच मनुष्य चालत चालत आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि आपल्यावर चार शब्द लिहून गेला, याची आठवण त्याला झाली नाही. शेवटी “डॉ. कोटणीसांच्या स्मृतीने ऊर भरून आला” असे एक वाक्य आहे. ऊर कशाने भरून आला ते मात्र दिलेले नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, 1939 मध्ये यानआनला पोचले, चिनी भाषा शिकले, चिनी परिचारिकेशी लग्न केले आणि 1942 मध्ये चीनच्याच मातीत मिळाले. यानआन हे गाव शीआन ज्या प्रांतात आहे त्याच शान्शी प्रांतात आहे. एवढी एक ओळ असती तर ऊर भरून आल्याचे सांगावेच लागले नसते.

येथवर माझी टीका सरळ मास्तरी वळणाची होती. असे दोष कोणाही नवशिक्याच्या लेखनात असतात. खरी अडचण नवव्या पानावर आली. तेथे दोन वाक्ये होती:

“जेवणाची सोय भारतीय होती आणि उत्तम होती. तेथील बाजारात काय काय टांगलेले होते ते दिवाळीच्या अंकात न सांगितलेलेच बरे.”

पाच दिवस आणि पंधरा जेवणे यांचा हिशेब या दोन वाक्यांत संपला होता. मी त्याला विचारले, “पाच दिवसांत तू तिथले काहीच खाल्ले नाहीस?”

तो हसला. मग त्याने दाराकडे पाहिले. माझ्या घरात त्या वेळी माझ्यावाचून कोणी नव्हते. तरी त्याने पाहिले.

“गुरुजी, खरं सांगू का? एका संध्याकाळी आमचा गट हॉटेलवर गेला आणि मी एकटाच मागे राहिलो. तिथं नगारखान्यासारखा एक मोठा मनोरा आहे, त्याच्या मागं मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथं जेवलो.”

मग त्याने जे सांगितले ते त्याच्या बावीस पानांत कोठेच नव्हते, आणि त्या बावीस पानांहून ते सरस होते.

ही वस्ती हुई मुसलमानांची. रेशमी मार्गाने आलेल्या व्यापाऱ्यांचा वारसा सांगणारे हे लोक दिसायला, बोलायला चिनी आणि धर्माने मुसलमान. त्यांची मोठी मशीद चिनी देवळासारखी आहे. एकामागून एक चौक, उतरती छपरे, झाडे. गल्लीत धूर, तिखटाचा ठसका, डाळिंबाचा रस काढणारे, चिनी टेंभुर्णीच्या गोड फळांच्या वड्या तळणारे. तेथल्या एका जुन्या खाणावळीत तो शिरला. त्याच्यापुढे एक भला मोठा वाडगा आला आणि वाडग्यात फक्त दोन जाड, पांढऱ्या, गोल रोट्या. रस्सा नाही, काही नाही. याला वाटले की बाकीचे मागाहून येईल. तो रोटीचा तुकडा मोडून तोंडात घालणार तोच समोर बसलेल्या म्हाताऱ्याने हात हलवून ‘नको, नको’ केले. मग त्या म्हाताऱ्याने स्वतःचा वाडगा पुढे सरकवून दाखविला. त्यात रोटीचा बारीक चुरा होता. एकेक कण हरभऱ्याच्या डाळीएवढा. या पदार्थाचे नाव यांगरौ पाओमो. रोटी आपणच आपल्या हाताने कुस्करायची. जितकी बारीक कुस्कराल तितका रस्सा मुरतो. घाई करणाऱ्याला तेथे कोणी शहाणा म्हणत नाही. कुस्करून झाली की वाडगा पुन्हा आत जातो. कोणाचा कोणता हे कळावे म्हणून त्याबरोबर क्रमांकाचा बिल्ला असतो. आत आचारी तो चुरा बकऱ्याच्या रश्श्यात उकळतो, वर मटणाचे काप आणि पारदर्शक शेवया घालतो आणि वाडगा बाहेर येतो. सोबत साखरेच्या पाकात मुरविलेला लसूण आणि लाल मिरचीचा गोळा.

“गुरुजी, मी मोठे मोठे तुकडे केले होते. म्हाताऱ्यानं माझा वाडगा ओढून घेतला आणि माझी अर्धी रोटी त्यानंच बारीक करून दिली. एक शब्द बोलला नाही. बोलला तरी मला कळणार नव्हता. मी बोटांनी कुस्करत होतो आणि मला आपली कंदुरी आठवली.”

कंदुरी म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्याकडे दर्ग्याला नवस बोलतात. बोलणारा कोणत्याही धर्माचा असो; मूल झाले, पाऊस पडला, खटला सुटला की बकरे कापून गावाला जेऊ घालायचे. जमिनीवर पंगत बसते. पितळीत ज्वारीची भाकरी कुस्करायची, मध्ये आळे करायचे आणि त्यात वाढप्याने डोईने शेरवा ओतायचा. भाकरी जाड मोडली तर कोरडी राहते, म्हणून शेजारचा अनुभवी मनुष्य नव्याला हटकतो, “बारीक कर की रे.” तेच वाक्य त्या चिनी म्हाताऱ्याने हाताने म्हटले होते.

“मग हे लिहिले का नाहीस?” मी विचारले.

तो गप्प राहिला. त्याचे आजोबा माळकरी आहेत. घरात कांदा-लसूणसुद्धा एकादशीला शिवला जात नाही. नातवाचा लेख दिवाळी अंकात आला की ते चष्मा पुसून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणार. “आणि गुरुजी,” तो हलकेच म्हणाला, “मी सातवीत असताना कंदुरीला चोरून आलो होतो. तुम्ही त्याच पंगतीत बसला होता. तुम्ही मला बघितलं आणि घरी सांगितलं नाही.”

मला ते आठवत होते. त्या दिवशी मी न सांगून त्याच्यावर उपकार केला असेच आजवर समजत होतो. आता शंका येते. न सांगण्याचा पहिला धडा त्याला मीच दिला असेन.

असो. या गोष्टीतून मराठी प्रवासवर्णनासंबंधी जे मला म्हणायचे आहे ते हे: आपण स्थळे दाखवितो आणि ताट झाकतो. स्थळ सर्वांचे असते. त्याची उंची, वर्ष, लांबी पाटीवर लिहिलेली असते आणि ती उतरून घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ताट मात्र एकट्याचे असते. आपण काय खाल्ले, कोणाशेजारी बसून खाल्ले, कोणाच्या हातचे खाल्ले, हे सांगितले की आपण कोण आहोत आणि घराबाहेर पडल्यावर कोण झालो, हे उघडे पडते. आपल्याकडे तर शेकडो वर्षे माणसाची जात जेवणाच्या पंगतीवरूनच ठरविली गेली. तेव्हा ताटावरचा हा रुमाल साधा नव्हे. तो संकोचाने विणलेला असला तरी त्याचे धागे फार जुने आहेत.

ताट झाकण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला माझ्या विद्यार्थ्याचा. म्हणजे “जेवण भारतीय होते” असे सांगून पुढे जायचे. सहल नेणारे लोक हल्ली परदेशातही पोळी-भाजी, वरण-भाताची सोय करतात. ती सोय वाईट नाही. वयस्क माणसांना, पथ्य असणाऱ्यांना, शाकाहाऱ्यांना तिचा मोठाच आधार असतो. पण ती सोय लेखनात शिरली की शहर काचेच्या पलीकडे जाते. दुसरा प्रकार याच्या उलट दिसतो, पण असतो तोच. तिकडे लोक साप खातात, विंचू काडीला टोचून तळतात, बेडूक खातात, अशी यादी द्यायची आणि वाचकाला शहारे आणायचे. ही यादी म्हणजेही झाकणच. कारण शीआनचा सामान्य मनुष्य रोज साप खात नाही. तो गहू खातो. उत्तर चीनचा हा भाग भातापेक्षा गव्हाचा. तेथे कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद शेवया करतात. त्यावर तिखट टाकून कडकडीत तेल ओततात, तेव्हा चर्र असा आवाज होतो. फोडणीचा तो आवाज आमच्या कोणत्याही स्वयंपाकघरातल्या बाईने डोळे मिटून ओळखला असता. विंचवाची काडी चमत्कार म्हणून पाहुण्यांच्या रस्त्यावर विकली जाते. तिचे वर्णन करणारा लेखक शहराचे सांगत नाही, शहराने पाहुण्यांसाठी मांडलेल्या दुकानाचे सांगतो.

येथे शाकाहारी वाचकांचा गैरसमज होऊ नये. परमुलखात गेल्यावर मांस खाल्लेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. जो खात नाही त्याने खाऊ नये. आणि “मी खाल्ले नाही, तेव्हा भुकेल्या पोटी मी काय केले” हे लिहावे. त्याच शीआनमध्ये कणीक पाण्यात धुऊन तिच्या सत्त्वाच्या थंडगार वड्यांच्या पट्ट्या कापतात, त्यावर व्हिनेगर आणि तिखट घालून देतात. त्यात मांसाचे नाव नाही. आमच्याकडे गहू भिजवून, वाटून, चीक काढून कुरडया घालतात. त्या बायकांना ही कृती वाचून किती मौज वाटेल! माळकरी मनुष्याचे प्रवासवर्णन मांसाहाऱ्यापेक्षा रसाळ होऊ शकेल. कारण त्याला प्रत्येक पदार्थापाशी थांबून, विचारून, वास घेऊन पुढे जावे लागते. न खाणे हा दोष नव्हे. न सांगणे हा आहे.

आमच्या भाषेत हा प्रामाणिकपणा नव्हता असेही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला. त्यातला भटजी आपला लोभ लपवीत नाही आणि आपली भीतीही लपवीत नाही, म्हणून झाशीची धामधूम आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर 1889 मध्ये पुस्तक लिहिले. अनंत काणेकरांनी 1940 मध्ये रशियाकडे तोंड करून प्रवासवर्णनाला नवे वळण दिले. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ 1960 ची आणि ‘पूर्वरंग’ 1963 चे. ‘माझे खाद्यजीवन’ हा स्वतंत्र लेखच लिहिणाऱ्या या लेखकाने मराठी माणसाला खाण्याविषयी मोकळेपणाने बोलायला शिकविले. मीना प्रभूंनी तर ‘चिनी माती’ हे अख्खे पुस्तक चीनला दिले. एवढे सगळे पाठीशी असता आजच्या पाच दिवसांच्या प्रवाशाने नवव्या पानावर रुमाल पसरावा, याचे आश्चर्य वाटते.

आता ज्याच्या पुतळ्यासमोर या मंडळींनी फोटो काढले त्या ह्युएनत्संगाकडे पाहू. तो सातव्या शतकात भारतभर हिंडला, 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन चांगआनला परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा प्रवासवृत्तांत पुरा झाला. महाराष्ट्रात तो पुलकेशीच्या राजवटीत आला. आपली जमीन सुपीक, हवा उष्ण आणि माणसे साधी पण मानी आहेत, असे त्याने नमूद केले. आपल्यावर उपकार करणाऱ्याला ही माणसे विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्यालाही सोडीत नाहीत, हेही त्याने लिहिले. लढाईपूर्वी येथले वीर मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हे सांगायला तो भिक्षू लाजला नाही. पण मला याहून महत्त्वाचे वाटते ते त्याने हिंदुस्थानच्या जेवणाविषयी लिहिलेले. हे लोक जेवणापूर्वी हातपाय धुतात. उरलेले अन्न पुन्हा वाढीत नाहीत. लाकडाची आणि मातीची भांडी एकदा वापरून टाकून देतात, धातूची घासून लख्ख करतात. दूध, तूप, साखर, मोहरीचे तेल, भाजलेले धान्य हे यांचे नेहमीचे अन्न. कोणते मांस चालते आणि कोणते निषिद्ध, त्याचीही नोंद आहे. आणि हे लोक एकाच भांड्यात सारे कालवून बोटांनी खातात, चमचे आणि काड्या वापरीत नाहीत!

या नोंदीत कुचेष्टा नाही आणि गोडवेही नाहीत. काड्यांनी जेवणारा मनुष्य बोटांनी कालवणाऱ्यांच्या पंगतीकडे नीट पाहतो आणि पाहिले ते लिहितो. त्याच्यामागून आलेला इत्सिंग तर दातवण कसे करतात, जेवायला कसे बसतात, उष्टे कशाला म्हणतात, यावर पानेच्या पाने लिहून गेला. तेराशे वर्षांपूर्वीच्या आपल्या स्वयंपाकघरातले काही आज आपल्याला ठाऊक आहे, ते या परक्या भिक्षूंनी ताट झाकले नाही म्हणून. आणि त्या काळी काड्या न वापरता बोटांनी कालवणाऱ्यांचा वंशज शीआनमध्ये जाऊन, काड्यांच्या देशात, एका म्हाताऱ्यासमोर बसून, बोटांनी रोटी कुस्करतो, आणि घरी येऊन लिहितो की, जेवण भारतीय होते! एका अर्थी ते खरेही होते. पण तो अर्थ त्याला लिहिता आला नाही.

हे सारे मी त्याला तावातावाने सांगितले. तो ऐकून गेला. रात्री मी एकटा बसलो असताना मला माझे स्वतःचे एक बाड आठवले.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत कंदुरीचे एक प्रकरण होते. दोन मुले, एक मठाजवळच्या गल्लीतला आणि एक दर्ग्याजवळच्या वस्तीतला, यांची मैत्री त्या पंगतीत जमते. एकाची भाकरी दुसरा कुस्करून देतो. मुद्रणप्रत करताना मी ते प्रकरण बदलले आणि कंदुरीची आमरसाची पंगत केली. मला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. प्रकाशकाने नाही, घरच्यांनीही नाही. शाळेतल्या पालकांना काय वाटेल, नातेवाइकांत काय बोलतील, एवढ्या कल्पनेनेच माझा हात चालला. कादंबरी छापून आली. एका वाचकाने पत्रात लिहिले, “त्या दोघांची मैत्री आम्हांला खरी वाटली नाही.” त्या वेळी मला वाचकाचा राग आला होता. वास्तविक त्याचे म्हणणे अगदी योग्य होते. आमरस कोणी कोणाला कुस्करून देत नाही.

तेव्हा ज्या मास्तराने विद्यार्थ्याच्या नवव्या पानावर लाल शाई ओढली, त्याच्या स्वतःच्या पुस्तकातही तो रुमाल अंथरलेलाच होता. हे येथे सांगितले नसते तर ही समीक्षाही झाकलेलीच राहिली असती.

नवरात्र बसण्याच्या सुमारास विद्यार्थ्याने मला नवी पाने पाठविली. नववे पान फाडून तेथे चार पाने आली होती. त्यांचा गुणदोष सांगतो. गुण असा की, खाणावळ आता दिसते. बिल्ल्याचा क्रमांक दिसतो, वाफ दिसते, म्हाताऱ्याची नखे दिसतात. कंदुरी आली आहे आणि चोरून गेल्याचेही आले आहे. विहिरीचा परिच्छेद वाढविला आहे, तो चांगला आहे. दोष असा की, शेवटी त्याने “अन्न माणसाला जोडते” असे एक वाक्य टाकले आहे. ते मी खोडले. म्हाताऱ्याने रोटी कुस्करून दिली म्हणजे ते वाक्य होऊन गेले, पुन्हा कशाला?

पण माझ्याहून चांगली समीक्षा दुसऱ्याच माणसाने केली. लेख छापायला पाठविण्यापूर्वी त्याने तो आजोबांना स्वतः वाचून दाखविला. छापून आल्यावर कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावे, एवढाच त्याचा हेतू. तो मला म्हणाला की, वाचताना त्याचा आवाज कापत होता. आजोबा भिंतीला टेकून, डोळे मिटून, गळ्यातली माळ बोटांत धरून ऐकत होते. कंदुरीचा भाग आला तेव्हा ते हलले नाहीत. वाचून संपले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले:

“त्या म्हाताऱ्याचं नाव इचारलंस का?”

याने विचारलेले नव्हते. भाषा येत नव्हती, हे खरे. पण खिशात भाषांतर करणारा फोन होता, हेही खरे. फोनवर त्याने वाडग्याचा फोटो काढला, पदार्थाचे नाव शोधले, हॉटेलचा रस्ता शोधला. माणसाचे नाव विचारायचे राहिले.

“ज्यानं आपल्याला हातानं कुस्करून दिलं, त्याचं नाव तरी घ्यावं माणसानं,” आजोबा म्हणाले आणि हरिपाठाला बसले.

मांसाबद्दल ते बोलले नाहीत. पुढेही बोलले की नाही, मला ठाऊक नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न. मात्र बावीस पाने दोनदा तपासूनही मला, समीक्षकाला, जो दोष दिसला नव्हता तो त्यांना एकदा ऐकून दिसला. लेखात त्याने एक ओळ वाढविली आहे: “मी त्यांचे नाव विचारले नाही.” ती मी तशीच राहू दिली.

या दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कित्येक जण कोठे ना कोठे निघतील. कोणी शेजारच्या तालुक्याला होट्टलची मंदिरे पाहायला, कोणी समुद्रापलीकडे. परत आल्यावर घरच्यांना सांगताना किंवा लिहायला बसताना उंची आणि वर्षे मागून सांगा. आधी सांगा की पहिल्या दिवशी काय खाल्ले किंवा काय खाल्ले नाही, शेजारी कोण बसले होते आणि त्याचे नाव काय होते. मी माझ्यापुरते ठरविले आहे की, कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच तर आमरसाची पंगत उठवायची आणि तेथे शेरव्याची डोई परत आणायची.